मराठी वाङ्मयातील सलाम आणि दुवा

मराठीने फार्सी आणि अरबी या भाषांतून किती शब्द उचलले याची मोजदाद आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला. औरंगाबादेस राहून मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फार्सीच्या प्रभावाविषयी उर्दूत स्वतंत्र विवेचन केले. माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले माधव जूलियन, यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून याच शब्दांपैकी कोणते ठेवावेत व कोणते टाकावेत याची चर्चा मांडली. या साऱ्या व्यासंगाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु या चर्चेत शब्द हा बहुधा एक नग म्हणून मोजला गेला. तो परका की आपला, आवश्यक की अनावश्यक, एवढेच प्रश्न त्याला विचारण्यात आले. त्याच्या पोटातील अर्थ मराठीत येताना तसाच राहिला की वाटेत पालटला, आणि पालटला असल्यास का, हा प्रश्न मागे पडला.

शब्दांच्या एका वर्गापुरता हा प्रश्न येथे विचारावा असा आमचा मानस आहे. तो वर्ग म्हणजे मुसलमान समाजाच्या नित्य व्यवहारातील अभिवादनाचे आणि ईश्वरस्मरणाचे शब्द : सलाम, दुवा, बिस्मिल्ला, इन्शाअल्ला, माशाअल्ला, खुदा हाफिज इत्यादी. 'दरवाजा' किंवा 'मेज' यांसारख्या शब्दांहून हे वेगळे आहेत. दरवाजा हा शब्द घेतला तर एका वस्तूचे नाव घेतले. सलाम हा शब्द घेतला तर दोन माणसांमधील एक संबंध घेतला. म्हणूनच आपल्या वाङ्मयात या शब्दांची जी गत झाली, तीवरून आपण आपल्या शेजाऱ्यास किती ओळखले याचा बराचसा अंदाज येतो. हैदराबादेसारख्या नगरात मराठीचे अध्यापन करणाऱ्यांना तर हा प्रश्न टाळून चालणारच नाही, कारण आमच्या खिडकीबाहेर हे शब्द रोज ऐकू येतात आणि आमच्या क्रमिक पुस्तकांत ते वेगळ्याच सुरात छापलेले असतात.

प्रथम मूळ अर्थ पाहू. 'अस्सलामु अलैकुम' म्हणजे 'तुमच्यावर शांती असो.' ऐकणारा 'व अलैकुम अस्सलाम' असे उत्तर देतो, म्हणजे तीच शांती तो बोलणाऱ्यास परत करतो. 'सलाम' या शब्दाचे मूळ आणि 'इस्लाम', 'मुसलमान', 'सलामत' या शब्दांचे मूळ एकच. आपण 'सहीसलामत' म्हणतो तेव्हा नकळत त्याच धातूचा आश्रय करतो. समोर एकटाच माणूस असला तरी 'अलैकुम' हे रूप अनेकवचनीच ठेवण्याचा प्रघात आहे. मिळालेल्या अभिवादनाची परतफेड त्याहून चांगल्या शब्दांनी, निदान तेवढ्याच शब्दांनी करावी, अशी आज्ञा कुराणाच्या चौथ्या सूरेत आहे. म्हणून सलामाच्या उत्तरात ईश्वराची दया आणि बरकत यांची भर घालण्याची चाल पडली.

याहून लक्षणीय आहे तो सलाम आधी कोणी करावा याविषयीचा नियम. बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत तो आला आहे. घोड्यावर बसलेल्याने पायी चालणाऱ्यास सलाम करावा. चालणाऱ्याने बसलेल्यास करावा. थोड्यांनी पुष्कळांस करावा. लहानाने मोठ्यास करावा हेही त्यात आहे, आणि ते आपल्या रीतीशी जुळतेच. परंतु पहिल्या कलमाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. जो वाहनावर आहे, ज्याला बळाचा किंवा वैभवाचा गर्व होण्याचा संभव अधिक, त्याच्यावर पुढाकाराचा भार टाकला आहे. आपण उंचावर असलो तरी खाली असणाऱ्याला आपल्यापासून भय नाही, हे त्याने आधी बोलून दाखवावयाचे आहे.

आता मराठीतील 'सलाम' पाहावा. मराठीत सलाम 'ठोकतात', 'झडतात', वाकून 'घालतात'. शिपाई साहेबास सलाम करतो. साहेब मान हलवितो किंवा हलवितही नाही. तोफांची 'सलामी' होते. क्रिकेटच्या मैदानावर 'सलामीचा फलंदाज' असतो; अभिवादन भेटीच्या आरंभी होते एवढाच अंश तेथे उरला आहे. मूळ शब्दात परतफेड अनिवार्य होती, मराठीत ती गळाली. मूळ शब्दात उंचावरील माणूस आधी बोलत होता, मराठीत खालचा माणूस आधी वाकतो. मंगेश पाडगावकर यांच्या 'सलाम' या १९७८ सालच्या संग्रहातील त्याच नावाची कविता आपणांपैकी बहुतेकांनी वर्गात शिकविली असेल. त्या संग्रहास १९८० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तो सर्वथैव योग्य होता. भयाने आणि लाचारीने ज्याला त्याला नमस्कार घालणाऱ्या नागरिकाचे ते उपरोधपूर्ण चित्र आहे. आमचा मुद्दा त्या कवितेच्या गुणवत्तेविषयी नाही. ती कविता मराठी वाचकास जराही न अडखळता कळते, याचा अर्थ काय, हा आमचा प्रश्न आहे. 'सलाम' म्हणजे लाचारी हे समीकरण कवीला सिद्ध करावे लागले नाही. ते भाषेत आधीच सिद्ध होते; त्याने त्यावर आपली इमारत उभी केली. अरबी जाणणाऱ्या वाचकाला मात्र त्या शीर्षकाखाली दुसरा एक उपरोध ऐकू येतो : शांतीचा शब्द भीतीचा शब्द झाला आहे.

हे कसे घडले? आमच्या मते शब्द ज्या वाटेने आला त्या वाटेची धूळ त्याच्या अंगास लागली. मराठी माणसाने सलाम प्रथम बरोबरीच्या दोन माणसांत ऐकला नाही. तो दरबारात ऐकला. मोगल दरबारातील कुर्निस आणि तस्लीम यांचे वर्णन अबुल फजलाने 'ऐने अकबरी'त तपशिलाने केले आहे. तस्लीम हा शब्दही त्याच धातूचा. परंतु तेथे उजवा हात जमिनीपर्यंत नेऊन पुढे मस्तकावर ठेवावयाचा असे. दक्षिणी शाह्यांचे शिष्टाचार तपशिलात निराळे असतील, त्यांचे धोरण निराळे नव्हते. पुढे इंग्रजी अंमलात कचेरी आणि छावणी या ठिकाणी तोच अभिवादनप्रकार चपराश्याच्या वाट्यास आला. अशा रीतीने धर्माने बरोबरीसाठी दिलेला शब्द सत्तेने उतरंडीसाठी वापरला, आणि मराठीने तो सत्तेकडून घेतला. त्यात मराठीचा दोष नाही. पण ज्याच्याकडून शब्द घेतला त्यालाच आपण त्या शब्दाचा धनी समजत आलो, ही दृष्टीची चूक मात्र आहे.

या दरबारी वाटेनेच एक प्रार्थनाही मराठीत आली आणि ती प्रार्थना आहे याची आपणांस जाणीवही राहिली नाही. आदिलशाही अमलातील मराठी पत्रांचा मायना ज्यांनी पाहिला आहे त्यांना 'अजरख्तखाने' या आरंभाची आणि अधिकाऱ्याच्या नावापुढील 'दामदौलतहू' या पदाची ओळख असेल. खुद्द शिवछत्रपतींच्या आरंभीच्या पत्रांतही हा मायना आढळतो. 'दामदौलतहू' याचा अर्थ 'त्याची दौलत चिरकाल राहो.' अरबी व्याकरणाने बांधलेला हा आशीर्वाद, मोडी लिपीत, 'श्री' या अक्षराखाली, मराठी कारकुनाच्या बोरूने लिहिला जात होता. त्या कारकुनाला हा धर्मभ्रष्टपणा वाटला नाही, तशी त्यात काही उदारताही वाटली नसेल. ती लिहिण्याची रीत होती. पुढे स्वराज्याची घडी बसल्यावर 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, दरबारी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, आणि हे मायने हळूहळू पालटले. राज्यकर्त्याने आपल्या राज्याची परिभाषा आपल्या भाषेत आणावी हे स्वाभाविकच होते. मात्र कोश दरबारी परिभाषा बदलू शकतो. दारातली भाषा बदलणे त्याच्या आवाक्यात नसते.

ती दारातली भाषा म्हणजे या शब्दांची दुसरी वाट. तिचा उत्तम नमुना 'दुवा' हा शब्द होय. अरबीत तो 'दुआ', म्हणजे ईश्वराला घातलेली साद. मराठीत तो 'दुवा' झाला आणि आपल्या आशीर्वादाच्या शेजारी बसला. आजी नातवाला दुवा देते. उपकार झालेला माणूस 'तुम्हांला दुवा देईन' असे म्हणतो. हा शब्द दरबारातून आलेला नाही. दाराशी आलेल्या फकिराने, दर्ग्यातल्या मुजावराने, तान्ह्या मुलावर फुंकर घालणाऱ्या वृद्धाने तो आणला. आणि नवल असे की, या शब्दाचा अर्थ मराठीत यत्किंचितही बिघडला नाही. 'बरकत' या शब्दाची कथा अशीच. धान्य मापताना पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची आपल्याकडे रीत होती. हिंदी-उर्दू मुलखात त्याच ठिकाणी 'बरकत' म्हणत. पहिला उच्चार संख्येचा न होता शुभाचा व्हावा ही भावना दोन्हीकडे एकच, आणि म्हणूनच 'यंदा धंद्यात बरकत नाही' हे वाक्य मराठी दुकानदाराच्या तोंडी इतके सहज बसले.

याच्या उलट 'खैर' पाहा. मूळ अर्थ कल्याण. मराठीत तो बहुधा नकारातच वावरतो : 'आता त्याची खैर नाही.' म्हणजे कल्याणाचा शब्द आपण धमकीपुरता ठेवला. हाही अंमलदाराच्या तोंडून ऐकलेला शब्द असावा असे त्याच्या वापरावरून वाटते. एक शब्द दारातून आला आणि आशीर्वाद राहिला. दुसरा चावडीवरून आला आणि दटावणी झाला. वाटेचा हा भेद ध्यानात घेतला म्हणजे पुष्कळ कोडी उलगडतात.

'बिस्मिल्ला' या शब्दाच्या तर दोन्ही वाटा दाखविता येतात. 'अल्लाच्या नावाने' असा त्याचा अर्थ. ईश्वराच्या दयाळूपणाचा दोन नामांनी उच्चार करून तो पूर्ण होतो. कुराणातील ११४ सूरांपैकी एक वगळता सर्वांच्या आरंभी तो आहे. जेवणाचा पहिला घास, दुकानाचे पहिले कुलूप, प्रवासाचे पहिले पाऊल, पत्राची पहिली ओळ या सर्वांच्या आधी तो उच्चारतात. पत्राच्या माथ्यावर ७८६ हा अंक लिहितात तो या वचनातील अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज होय. पवित्र नाव असलेला कागद पायदळी जाऊ नये म्हणून अंकाचा आडोसा. आपण पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितो त्यामागची भावना याहून फार दूरची नाही. दख्खनच्या मुसलमानांच्या रीतिभातींचे वर्णन करणारा 'कानूने इस्लाम' हा जाफर शरीफ यांचा ग्रंथ हर्क्लॉट्स यांच्या इंग्रजी भाषांतराने १८३२ साली प्रसिद्ध झाला. मूल चार वर्षे, चार महिने व चार दिवसांचे झाले म्हणजे त्याच्याकडून हे वचन म्हणवून घेऊन विद्यारंभ करण्याचा विधी त्यात वर्णिला आहे. त्यास बिस्मिल्लाखानी म्हणतात. पाटीवर 'श्रीगणेशा' गिरविणाऱ्या बालकाचा आणि या बालकाचा क्षण एकच आहे. आम्हां शिक्षकांना तरी हे सांगावयास नको.

पण मराठी खेड्याने बिस्मिल्ला ऐकला तो बहुतांशी दुसऱ्या प्रसंगी. गावगाड्यातील मुलाणी हा हिंदू शेतकऱ्यांच्या घरचाही बोकड कापीत असे, आणि सुरी चालविण्यापूर्वी तो हे वचन उच्चारीत असे. फार्सी-उर्दूत 'बिस्मिल' म्हणजे घायाळ, बळी पडलेला, असा जो अर्थ झाला त्याचा उगम याच प्रसंगात आहे. जीव घेताना तो ज्याने दिला त्याचे नाव घ्यावे, हा या उच्चाराचा हेतू. आपल्या कथा-नाटकांतून मात्र सुरीच तेवढी आली. उर्दूत 'बिस्मिल्लाही गलत' असा वाक्प्रचार आहे. पहिल्याच पावलास चूक झाली, असा त्याचा अर्थ. तो आपल्या 'श्रीगणेशा'च्या विनोदी उपयोगासारखाच निरुपद्रवी आहे. आपल्या लेखकांना तो क्वचितच सुचला, कारण त्यांनी या शब्दाशी संगत केली ती दुरूनच.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत व नाटकांत, आणि पुष्कळशा सामाजिक कथांतही, मुसलमान पात्राच्या तोंडी हे उच्चार पोशाखासारखे चढविलेले असतात. पात्राला दाढी लावली, फेटा किंवा टोपी दिली, आणि दर तिसऱ्या वाक्याला 'या अल्ला', 'तोबा तोबा', 'सुभानल्ला' यांपैकी एक टाकून दिला, की लेखकाला आपले काम झाले असे वाटते. आम्ही येथे ग्रंथांची नावे घेत नाही, कारण दोष एकट्या-दुकट्या लेखकाचा नाही; तो एका रूढ सोयीचा आहे. रंगभूमीला खुणा लागतात, प्रेक्षकाला पात्र चटकन ओळखू यावे लागते, हे समर्थन आम्हांस ठाऊक आहे. परंतु खूण ही ओळखीचा आरंभ असावी. तीच ओळख होऊन बसली की माणूस दिसेनासा होतो.

शिवाय ही खूण बहुधा चुकीचीही असते. या प्रत्येक उच्चाराला प्रसंग नेमून दिलेला आहे. सुंदर किंवा सुदैवी गोष्ट पाहिली तर 'माशाअल्ला', म्हणजे हे ईश्वराच्या इच्छेने झाले. त्यात दृष्ट लागू नये ही काळजी असते. पुढच्या गोष्टीविषयी बोलताना 'इन्शाअल्ला'. उद्या अमुक करीन असे बोलताना ईश्वरेच्छेची पुस्ती जोडावी ही शिकवण कुराणाच्या अठराव्या सूरेत आहे. शिंक आली तर शिंकणारा ईश्वराची स्तुती करतो, आणि ऐकणारा त्याच्यावर ईश्वराची दया असो असे म्हणतो. मृत्यूची वार्ता कानी पडताच आपण सर्व ईश्वराचेच असून त्याच्याकडेच परतणार आहोत, या अर्थाचे वचन उच्चारतात. यांतील एक दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. सुतकाच्या घरी 'बोडण चांगले झाले' असे म्हणणारे हिंदू पात्र एखाद्या परभाषी लेखकाने रंगविले, तर आपणांस जे वाटेल, तेच आपला हा गोंधळ वाचून जाणत्या मुसलमान वाचकास वाटत असले पाहिजे. काळाचाही विवेक हवा. 'खुदा हाफिज' हा निरोपाचा जुना, फार्सी वळणाचा शब्द. त्याऐवजी 'अल्लाह हाफिज' म्हणण्याची चाल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९८० नंतरच्या काळात पाकिस्तानात बळावली आणि मग इकडेही ऐकू येऊ लागली. औरंगजेबाच्या सरदाराच्या तोंडी ती घालणे म्हणजे त्याच्या हाती मनगटी घड्याळ बांधण्यासारखेच आहे.

सलाम कोणास करावा याविषयीही समाजात बारकावे आहेत. मुसलमानेतरास पूर्ण सलाम म्हणावा की नाही याविषयी धर्मशास्त्र्यांत मतभेद आहेत. हैदराबाद व लखनौ येथील संस्कृतीने त्यावर एक सुरेख तोड काढली होती. ती म्हणजे 'आदाब.' शब्दाचा अर्थ केवळ शिष्टाचार. त्यात कोणत्याही देवाचे नाव नाही. हात किंचित उचलून 'आदाब अर्ज' म्हणावे, की हिंदूला आपला धर्म सोडल्यासारखे वाटत नसे आणि मुसलमानाला आपल्या अभिवादनाची मर्यादा ओलांडल्यासारखे वाटत नसे. १९४८ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी सुशिक्षित माणसे या एका शब्दाखाली भेटत. त्या राजवटीचे जुलूम आम्ही विसरलो नाही आणि मराठवाड्याने तर ते विसरूही नये. परंतु राजवट आणि लोकांचा शिष्टाचार या दोन गोष्टी आहेत. मराठवाड्याच्या खेड्यांत याहून साधी रीत दिसे. मुलाणी पाटलास 'रामराम' करी आणि पाटील मुलाण्यास 'सलाम' करी. ज्याला भेटावयाचे त्याच्या शब्दाने भेटावे, एवढाच त्या रीतीचा अर्थ.

कोणी म्हणेल, आपण आपल्याही अभिवादनांची हीच गत केली आहे. ते खरे आहे. नोकरीला 'रामराम ठोकणे', नकोशा माणसाला 'कोपरापासून नमस्कार' करणे हे वाक्प्रचार मराठीचेच आहेत. भाषा अतिपरिचयाने थट्टा करते आणि त्यात काही वावगे नाही. भेद इतकाच की, रामरामाची थट्टा करणाऱ्यास रामरामाचा मूळ गोडवाही ठाऊक असतो. सकाळी वेशीवर भेटलेल्या म्हाताऱ्यास तो तोच शब्द भक्तिभावाने उच्चारतो. सलामाची केवळ थट्टा पोचली आणि गोडवा पोचला नाही, तर ती थट्टा राहत नाही, अज्ञान होते.

मराठी वाङ्मयाला याहून चांगले करता येते याचे पुरावे मराठीतच आहेत, आणि ते जुने आहेत. एकनाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद' घ्या. देवगिरीच्या किल्लेदारास, जनार्दनस्वामींस, गुरू करणाऱ्या पैठणच्या या ब्राह्मणाने यावनी अंमल जवळून पाहिला होता. त्या संवादात तुर्क आपल्या दखनी बोलीत बोलतो, हिंदू मराठीत बोलतो. दोघेही एकमेकांच्या धर्मावर निर्दयपणे आघात करतात, आणि अखेर समेटास येतात. नाथांनी तुर्काच्या तोंडी नुसते उद्गार घातले नाहीत, युक्तिवाद घातला. प्रतिपक्षाला बुद्धी आहे असे मानणे हा आदराचा पहिला प्रकार होय. नाथांच्याच भारुडांतील फकीर आणि अर्जदस्त यांतून दरबारी व दारातली अशा दोन्ही वाटांचे शब्द अध्यात्माच्या सेवेस लागलेले दिसतात. त्यानंतर श्रीगोंद्याचे शेख महंमद. 'योगसंग्राम' लिहिणारा हा संत जन्माने मुसलमान, उपासनेने वारकऱ्यांच्या जवळचा, आणि भाषेने निखालस मराठी. त्याला मुसलमान म्हणून दाखविण्यासाठी मराठीला कधी दाढी लावावी लागली नाही.

आधुनिक काळात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील (१९५५) आयबू आमच्या डोळ्यांपुढे येतो. 'अयूब' या नावाचे गावच्या जिभेवर झालेले हे रूपच लेखकाच्या कानाची साक्ष देते. तो मास्तरांच्या सोबतीचा माणूस म्हणून आपल्या लक्षात राहतो; मुसलमान म्हणून त्याच्यावर वेगळी चिठ्ठी चिकटविलेली नाही. हमीद दलवाई यांनी 'लाट' (१९६१) या कथासंग्रहात आणि 'इंधन' (१९६५) या कादंबरीत कोकणातील मुसलमानांचे जीवन आतून लिहिले. दलवाई हे स्वतः परंपरेचे कठोर टीकाकार. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे. अशा लेखकाने धर्माचरणाची खिल्ली उडविली असती तरी कोणी आश्चर्य केले नसते. त्यांनी माणसे रंगविली. त्यांच्या पात्रांची भीती, स्वार्थ, माया आणि वैर ही कोकणच्या मातीतली आहेत, आणि धर्माचा उच्चार येतो तो त्या जगण्याचा भाग म्हणून येतो. १९९० साली सोलापुरास मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा या प्रवाहाला स्वतःचे व्यासपीठ मिळाले. वेगळे संमेलन कशाला, असा प्रश्न तेव्हा काहींनी विचारला होता. मूळ मांडवात ज्यांना केवळ नाटकातील खुणांनी ओळखले गेले, त्यांनी वेगळा मांडव घातला तर दोष कोणाकडे जातो, याचा विचार प्रश्न विचारणाऱ्यांनी करावा.

समीक्षकांपैकी आणि अनुवादकांपैकी सेतुमाधवराव पगडी यांचे नाव आम्ही हैदराबादकर कृतज्ञतेने घेतो. निलंग्यास जन्मलेल्या या विद्वानाने फार्सी साधने मराठी इतिहासास मिळवून दिली, आणि उर्दू कवींचा परिचय मराठी वाचकास करून दिला. श्रीपाद जोशी यांच्या उर्दू-मराठी शब्दकोशाने शिक्षकांच्या हाती साधन दिले. अर्थात् साधने नाहीत, अशी सबब आता कोणी सांगू नये.

या प्रश्नाचे खरे ठिकाण वर्गखोली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात इतिहासातील प्रवेश बसवितात. एखादा मुलगा कापसाची दाढी लावून येतो, 'या अल्ला' म्हणून मागे कोलमडतो, आणि सभागृह हसते. त्या हसणाऱ्या सभागृहात मुसलमान पालक बसलेले असतात. त्यांच्या घरी तोच उच्चार आजारी आईच्या उशाशी, परीक्षेला निघालेल्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवून, किंवा रात्री उशिरा कामावरून परतलेल्या बापाच्या श्वासाबरोबर होतो. ते हसतात, कारण शिष्टाचार त्यांनाही कळतो. त्या पालकांची मुले मराठी शाळेत का घालावीत, हा त्यांच्या घरातील प्रश्न मात्र त्या रात्री थोडा अवघड होतो. सीमेवरील आणि परप्रांतांतील मराठी शाळांची पटसंख्या घटते म्हणून आपण ठराव करतो. ज्यांना मराठी हवी होती त्यांच्या कानावर आपण मराठीचा कोणता सूर घातला, हेही एकदा तपासावे.

त्यावर उपाय म्हणून पाठ्यपुस्तके कातरावीत, शत्रूला शत्रू म्हणू नये, असे आम्ही सुचवीत नाही. अफझलखान हा अफझलखानच राहील. शत्रूने ईश्वराचे नाव घेतले म्हणून ते नाव शत्रूचे होत नाही, एवढेच मुलांना कळले पाहिजे. 'हर हर महादेव' ही आपली रणगर्जना आहे म्हणून महादेव रक्ताचा भुकेला ठरत नाही. पाडगावकरांची कविता शिकविताना शिक्षकाने दोन मिनिटे थांबून सलामाचा मूळ अर्थ सांगावा. कवितेचा उपरोध त्याने उणा न होता दुणावेल. एकनाथांचा संवाद शिकविताना दोन्ही पक्ष दोन मुलांना पूर्ण वाचू द्यावेत. वर्गात एखादी मुलगी 'इन्शाअल्ला, उद्या वही आणीन' असे म्हणाली तर तिला 'मराठीत बोल' असे सांगू नये. ती मराठीतच बोलली आहे. गोव्याचा मनुष्य आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतो तेव्हा तो ज्याप्रमाणे आपल्या बोलीबाहेर जात नाही, त्याप्रमाणेच. पोर्तुगीज भाषेत 'असे घडो' या अर्थी 'ओशाला' हा उद्गार आहे, तो अल्लाच्या इच्छेविषयीच्या अरबी शब्दप्रयोगापासूनच आला. त्या भाषेतील श्रद्धाळू ख्रिस्ती माणसे तो आजही बिनदिक्कत उच्चारतात, आणि त्यांच्या धर्मास त्यामुळे बाध आल्याचे ऐकिवात नाही.

लेखकांकडेही आमचे मागणे मोठे नाही. मुसलमान पात्राच्या तोंडी ईश्वराचे नाव घालण्यापूर्वी त्याने ते कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून आणि कोणत्या काळात घेतले असते, एवढे पाहावे. ठाऊक नसल्यास शेजारी विचारावे; हैदराबाद, औरंगाबाद, बेळगाव, बडोदे किंवा इंदूर येथे राहणाऱ्या मराठी लेखकास शेजारी सापडणे कठीण नाही. आणि विचारावयास जाताना आधी सलाम करावा. आज साहित्याच्या व्यवहारात मराठी लेखक घोड्यावर आहे आणि त्याचा हा शेजारी पायी चालत आहे. जुन्या नियमाप्रमाणे पहिला शब्द लेखकाने बोलावयाचा आहे.